तबकातले सात विडे

फाल्गुन शुद्ध दशमी, तिसरा प्रहर. रक्कम रुपये पंचवीस. पैकी दहा इसार म्हणून पोहोचलेले, पंधरा बाकी. हजर असामी: जिल्ह्याचे साहेब, अमरावतीचे बळीरामशेठ, मास्तर तयार करण्याच्या वर्गाचे मोठे मास्तर, परीक्षेत उतरलेले अकरा उमेदवार, बार्शीटाकळीच्या बाजूच्या एका खेड्यातून दोन गाड्या भरून आलेली माणसे, आणि शेठजींच्या खुर्चीमागे भाषणाची दुसरी प्रत घेऊन उभा असलेला मी. जागा अकोला, वर्गाच्या भाड्याच्या घरापुढचा मांडव.

धंद्याविषयी काही लिहा, असे या अंकाच्या संपादकांनी मला कळवले. अर्जांविषयी नको, लोकांना भाषणे लिहून देता त्याविषयी लिहा, असेही कळवले. भाषणे मी पुष्कळांना लिहून दिली. त्यातली बहुतेक बोलणाऱ्याच्या तोंडातून निघाली आणि मांडवाच्या बाहेर गेली नाहीत. वर ज्या दिवसाची नोंद केली, त्या दिवसाबद्दल मात्र अकोल्यात अजून दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, मुनशीने शेठजींचे मीठ खाऊन त्यांचा घात केला. दुसरा म्हणतो, मुनशीला सगळे आधी ठाऊक होते आणि तो तोंड मिटून बसला. दोन्ही पक्षांना माझे उत्तर एकच आहे आणि ते मी येथे एकदाच देतो. पुन्हा विचारायला येऊ नये.

माझी बैठक कचेरीसमोर आहे. एक चटई, एक उतरते मेज, दोन दौती. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज मी लिहितो. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या वर्षांत वऱ्हाडात गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवत होते, असे लोक सांगतात. मी तशी एकही गाडी पाहिली नाही. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या पाहिल्या, त्या खऱ्या. आणि हेही पाहिले की माणसाकडे पैसा आला की त्याला चारचौघांत बोलावेसे वाटते. कोणी धर्मशाळा बांधली, भाषण. कोणी विहिरीला पायऱ्या बांधल्या, भाषण. बोलायची हौस सगळ्यांना, पण साहेबापुढे उभे राहिले की जीभ टाळूला चिकटे. मग ते माझ्याकडे येत.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची. एक गृहस्थ कागद हातावर तोलून म्हणाले, "एवढेसेच? याच्या पैशात तं पासरीभर सरकी येते." त्यांना मी तेच भाषण मोठ्या अक्षरात लिहून दिले. ते खूष झाले. दुसऱ्या एकाला वाचता येत नव्हते, म्हणून न्हावी त्याची हजामत करीत असता मी त्याला एकेक वाक्य पाठ करवले. समारंभात तो वाक्यागणिक हनुवटी वर करी. नांदगाव खंडेश्वरकडचे एक पाटील मात्र माझा कायमचा धडा झाले. मी नको म्हणत असता त्यांनी भाषणाआधी पान जमवले. "मेहेरबान" या शब्दाला सगळा रस साहेबांच्या पांढऱ्या कोटावर गेला. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो: भाषण संपेपर्यंत तोंडात काही घ्यायचे नाही. पान नाही, सुपारी नाही, लवंग नाही.

हा झाला एक नियम. दुसरा असा की बोलणाऱ्याच्या मागे मी दुसरी प्रत घेऊन उभा राहतो आणि तो अडला तर पुढचा शब्द हळूच देतो. तिसरा नियम सगळ्यांत जुना, अर्जांच्या दिवसांपासूनचा. एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानी घालायची नाही. वाटणीच्या भांडणात मी दोन्ही भावांचे अर्ज लिहिले आहेत, एकाचा सकाळी, दुसऱ्याचा दुपारी. दोघेही निर्धास्त होते, कारण त्यांना माझा हा नियम ठाऊक होता. हा नियम मोडला तर माझ्या चटईवर कोणी बसणार नाही.

आता बळीरामशेठ. हे मूळचे आमच्यासारखेच, खेड्यातले. आधी गाड्या हाकल्या, मग दलाली केली, मग अमरावतीला आडत घातली आणि दोन वर्षांत अकोल्यालाही दुकान काढले. माणूस दिलदार, आवाज मोठा. समारंभाला आठवडा असता त्यांनी मला दुकानी बोलावले. कापसाच्या ढिगाला पाठ लावून बसले होते. मिशांत कापूस अडकला होता.

"लिही मुनशी," ते म्हणाले. "मले अकराच्या अकरा पोट्टे पाहिजेन."

"कोणते अकरा?"

"अबे, ते मास्तरकीचे. याईले हिशेब येते, मोडी येते, इंग्रजी आकडे येते. बजारात गुमास्ते भेटून नाई राह्यले, अन् सरकार याईले खेड्यात धाडून राह्यलं, बाराखडी घोकवाले!"

मी म्हटले, "शेठजी, त्याईनं मुचलका देल्ला हाय."

हे बाहेरच्यांसाठी सांगतो. वर्गात शिकताना प्रत्येक उमेदवाराला सरकारातून महिना पाच रुपये मिळत. त्याबदली तो मुचलका लिहून देई की शिकून झाल्यावर तीन वर्षे नेमल्या खेड्यात शाळा चालवीन, नाही चालवली तर घेतलेली रक्कम परत करीन.

"मुचलका मी भरतो," शेठजी म्हणाले. "अकराहीचा. वर तीस रुपये महिना. सरकार काय देते?"

"आठ."

"मंग? पाप करून राह्यलो काय मी?"

पाप ते करत नव्हते. आठाच्या जागी तीस देणारा माणूस दुष्ट असे मी त्या दिवशी म्हटले नाही आणि आजही म्हणत नाही. मी लिहायला बसलो. पण शेवटी शेठजी म्हणाले, "हे सांगून झालं का लगोलग तबक फिरवाचं. पहिला विडा पहिल्या नंबरले." तेथे माझा बोरू थांबला.

आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, नेमतात तो चैत्री पाडव्याच्या सुमारास. धनी सालाचा आकडा सांगतो, पाच माणसांपुढे तबक पुढे करतो. विडा उचलला की वर्ष बांधले गेले. कापसाच्या बाजारातही तसेच; भाव सांगितला, विडा घेतला, सौदा झाला. त्याला कागद लागत नाही, सही लागत नाही. घेतलेला विडा मोडणाऱ्याला पुढच्या साली कोणी दारात उभा करीत नाही, त्याच्या भावालाही करीत नाही. हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ठाऊक नव्हते ते मांडवातल्या दोघांनाच, साहेबांना आणि मोठ्या मास्तरांना. मोठे मास्तर देशावरचे. त्यांच्या लेखी पानसुपारी म्हणजे समारंभाची शोभा.

मी म्हटले, "शेठजी, तबक आभाराच्या भाषणानंतर फिरवा."

"काहून?"

"विचार कराले त्याईले घटकाभर तं भेटू द्या."

"मुनशी, तू कापूस नाई इकला कधी. गाडीवाल्याले घटकाभर देल्ला का तो दुसऱ्या आडतीवर जाते." ते हसले. "तू अक्षरं लिही. तबक मी पाह्यतो. अन् हे तुह्या पोटात राह्यलं पाह्यजे."

"राहीन," मी म्हणालो आणि दहा रुपये इसार घेतला.

दुसऱ्याच दिवशी माझ्या चटईवर उकंडा येऊन बसला. वर्गातला पहिला नंबर त्याचा. जातीने माळी, वय पंचविशीचे, हात अजून मळ्यातल्यासारखे खरखरीत. परीक्षेत पहिला येणाऱ्याने उमेदवारांच्या वतीने आभाराचे भाषण करायचे अशी वर्गाची रीत. ते लिहून घ्यायला तो आला होता. मोबदला म्हणून त्याने वांग्यांची टोपली मेजावर ठेवली.

त्याच्या नावाची एक गंमत आधी झाली होती. दाखल्यांवर नावे आणि समारंभाची पत्रिका लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. मोठे मास्तर म्हणाले, "उकंडा हे नाव साहेबांपुढे कसे वाचायचे? उमाकांत लिहा." मी उकंडाला विचारले. तो म्हणाला, "माह्या आंधीचे लेकरं जगले नाई. मायनं मले उकिरड्यावर ठेवून उचललं, मंग मी जगलो. उमाकांत कोण हाय मले माहीत नाई. त्याले दाखला द्याचा असंन तं खुशाल द्या." मी उकंडा असेच लिहिले. मास्तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

"काय सांगाचं हाय भाषणात?" मी त्याला विचारले.

"गावच्या लोकायचं," तो म्हणाला. "मुनशीजी, मी दोन वरसं इथं बसून शिकलो. घरी एकटी बायको अन् थकलेला बाप. मळ्याची मोट हाकाले कोणी नाई. तं गावानं पाळी लावली. आज याचे बैल, उद्या त्याचे. दोन वरसं माह्या वांग्याले त्याईनं पाणी देल्लं. कापूस वेचाचे दिवस असो का काही असो, पाळी नाई चुकली. ते सांगाचं हाय."

"काहून देल्लं त्याईनं पाणी?"

"शाळा पाह्यजे गावाले. सरकार म्हणते, मास्तर आणा, मंग शाळा देतो. बाहेरचा मास्तर खेड्यात राहत नाई. म्हणून मले धाडलं. चावडीची भिंत बी लिपून ठेवली हाय त्याईनं."

हे ऐकत असता शेठजींचा कागद माझ्या मेजाच्या खणात होता. मी उकंडाच्या तोंडाकडे पाहिले नाही. दौतीकडे पाहिले आणि लिहिले. साहेबांचे आभार, मास्तरांचे आभार, मग मोट, पाळी आणि चावडीची भिंत. लिहून झाल्यावर सगळ्यांना सांगतो ते त्यालाही सांगितले: "बोलणं होईस्तोवर तोंडात काही घ्याचं नाई." त्या बजावण्यात मी एक शब्द जास्त घातला नाही. शेठजींनाही आदल्या दिवशी तेच आणि तितकेच बजावले होते.

भाषण मोठ्या मास्तरांकडे तपासायला गेले. त्यांनी मोटेचा भाग खोडला. "साहेबांपुढे वांगी काय काढता?" असे म्हणाले. राहिले ते नुसते आभार. उकंडाने खोडलेला कागद घडी करून टोपीत ठेवला.

घरी वांगी पाहून बायकोने विचारले. मी नाव न घेता म्हणालो, अशी अशी अडचण आहे. तिने नावे न विचारता ओळखली. अकोला तेव्हा एवढे मोठे नव्हते.

"अवो, सांगून टाका त्या मानसाले."

"नाई सांगता येत. धंद्याची आण हाय."

"वांगे घेतले ना त्याचे?"

"घेतले."

"अन् शेठचे रुपये बी घेतले. मंग तुमी कोनाचे?"

"दोघायचा बी."

"मंग मधात उभे राहा," ती म्हणाली आणि वांगी चिरायला बसली. "तुमाले सांगाले मनाई हाय. उभं राहाले कोनी मनाई केली?"

हे तिने चिडून म्हटले होते. मी मात्र त्यावर रात्रभर विचार केला.

समारंभाचा दिवस ऐन कापसाच्या हंगामातला. रस्त्यावरून गाड्यांची रीघ लागलेली, हवेत कापूस उडतो आहे, साहेब सारखे बाही झटकताहेत. उकंडाच्या गावची माणसे मांडवाच्या कडेला गाड्यांना टेकून बसली होती. दाखले वाटून झाले. मग शेठजी उठले.

भाषण छान झाले. हे मी लिहिले म्हणून म्हणत नाही, त्यांनी ते ज्या तऱ्हेने म्हटले त्यावरून म्हणतो. ते एकदाच अडले, "विद्यादान" या शब्दापाशी, तेव्हा मी मागून शब्द दिला. मग त्यांनी कागद खाली केला आणि आपल्या बोलीत आकडा सांगितला. मुचलका माझ्याकडे, महिना तीस, पाडव्यापासून कामावर. मोठे मास्तर आश्चर्याने साहेबांकडे पाहू लागले, साहेब दुभाष्याकडे. आणि शेठजींच्या नोकराने तबक उचलून सरळ उकंडापुढे धरले. अकरा विडे, प्रत्येकाला लवंग टोचलेली.

मी गावच्या माणसांकडे पाहिले. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. एक म्हातारा गाडीच्या साट्याला धरून उभा राहिला.

उकंडाने हात जोडले. "मले बोलाचं हाय अजून. बोलाच्या आंधी तोंडात काही घेत नाई."

नोकर गोंधळला. शेठजींनी हाताने खूण केली, पुढे जा. तबक दुसऱ्या नंबरापुढे गेले. त्याने विडा घेतला. तिसऱ्याने घेतला. चौथ्याने उकंडाकडे पाहिले, मग शेठजींकडे पाहिले आणि घेतला. पाचव्यानेही घेतला. तेव्हा शेठजी मोठ्या मास्तरांना म्हणाले, "मास्तर, आता साहेबायले उशीर होते. आभार राहू द्या. हार घाला अन् उठा."

मोठे मास्तर हार घ्यायला वळले. मी अजून शेठजींच्या खुर्चीमागे होतो. माझे काम शब्द देण्याचे, आणि तेही हळू, फक्त बोलणाऱ्याला ऐकू जाईल इतके. मी खुर्चीमागून पुढे आलो आणि मांडवभर ऐकू जाईल असे म्हणालो, "साहेब, पहिल्या नंबराचं आभाराचं भाषण राहिलं आहे. समारंभाच्या पत्रिकेत ते हारांच्या आधी लिहिलं आहे. पत्रिका मी लिहिली आणि आपण मंजूर केली."

मोठे मास्तर म्हणाले, "मुनशी, तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "पण पत्रिकेत आहे."

शेठजी मागे वळून माझ्याकडे असे पाहत होते की जणू खुर्चीच बोलली. साहेबांनी पत्रिका पाहिली. ते हिंदुस्थानीत म्हणाले, "बोलने दो."

उकंडा उठला. टोपीतून कागद काढला, उलगडला, वाचला आणि पुन्हा घडी केली. त्याच्यामागे उभे राहून शब्द द्यायला मी गेलो होतो, पण देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. तो जे बोलला ते मला जसेच्या तसे आठवते, कारण घरी जाऊन मी ते लिहून काढले.

"साहेब, मास्तर, तुमी मले शिकवलं, त्याच्या आभाराचा कागद हाय, तो खरा हाय. पण त्या कागदात माह्या गावचे लोक नाईत. ते तिकडं गाड्यापाशी बसले हायेत. दोन वरसं मी इथं सावलीत बसलो अन् त्याईनं माही मोट हाकली. कापूस एवढा चढला होता का लोक बोंडाले पाहारा देत होते, अन् हे माह्या वांग्याले पाणी देत होते. काहून? त्याईले वांगे भेटत नव्हते काय? त्याईले गावात एक माणूस पाह्यजे होता, जो कागद वाचून सांगीन अन् मुनशीजीसारखे दोन आणे नाई मांगीन."

मांडव हसला. मीही हसलो. दोन आणे हा माझा दर खरा होता.

"शेठजीचं मन मोठं हाय. आठाच्या जागी तीस देऊन राह्यले. मुचलका भरून राह्यले. तो तुमी भरसान शेठजी, सरकार घेईन. पण मोटेच्या पाळ्या तुमी कशा भरसान? कोणाच्या घरी जाऊन भरसान? त्या मलेच भराच्या हायेत, अन् त्या पोरं शिकवूनच भरता येते. हे बसले माह्यासंगचे, यायचं ज्याचं त्यानं पाहाचं. मी कोणाले वाईट म्हणत नाई."

मग तो तबकाकडे वळला.

"मुनशीजीनं सांगतलं होतं, बोलाच्या आंधी तोंडात काही घेऊ नको. म्हणून विडा नाई घेतला. आता बोलून झालं." त्याने हात जोडले. "आता बी नाई घेत."

टाळ्या वाजल्या नाहीत. टाळ्या वाजवायची रीत आमच्याकडे तेव्हा साहेबांपुरतीच होती. गाडीपाशी उभा असलेला म्हातारा फक्त म्हणाला, "बस खाली बापू, उन लागन," आणि सावलीत उभा असलेला उकंडा खाली बसला.

नोकराने तबक सहाव्यापुढे नेले. त्याने मान हलवली. सातव्याने, आठव्याने, नवव्याने हात पाठीमागे घेतले. दहाव्याचा हात पुढे गेला. मला वाटले, हा गेला. त्याने विड्याची लवंग तेवढी उपसून तोंडात टाकली आणि विडा परत ठेवला. लवंगेने सौदा होत नाही. अकराव्याला हसू आवरेना, त्याने हसत हसतच नको म्हटले. तबक शेठजींसमोर परत आले तेव्हा त्यात सात विडे होते.

मांडवाबाहेर शेठजींनी मला गाठले.

"मुनशी, खाल्लं माहं अन् वाजवलं त्याचं!"

"शेठजी, तुमचं भाषण लिहिलं, तुमी अडले तं शब्द देल्ला. तुमची गोष्ट कोणाले सांगतली असंन तं त्या माणसाले पुढं आणा."

"तू त्याले पान घेऊ नको म्हणून शिकवलं!"

"तुमाले बी शिकवलं होतं. तुमी बी नाई घेतलं."

"अन् मधात काहून बोलला तू? बोलाचं काम तुहं होतं काय?"

"पत्रिका माही होती."

"बाकीचे पंधरा भेटत नाई. अन् इसार वापस आण."

"इसार वापस येत नाई. भाषण तुमच्या तोंडून सगळ्यायनं ऐकलं. पंधरा तुमच्याकडे बाकी हायेत, ते मी मांगत राहीन."

त्यानंतर एकाही व्यापाऱ्याने माझ्याकडून भाषण लिहून घेतले नाही. कचेरीतल्या एका कारकुनाने सुचवले की शेठजींकडे जाऊन माफी माग, नाहीतर चटई उचलावी लागेल. मी चटई होती त्याहून दोन हात पुढे, कचेरीच्या पायऱ्यांच्या जवळ टाकली. तेथून मला कोणी उठवले नाही. शेतकरी येत राहिले, कारण आपली गोष्ट येथून बाहेर जात नाही एवढे त्यांना आता पक्के कळले होते. दर दिवाळीच्या पाडव्याला, व्यापारी नव्या वह्या पूजतात तेव्हा, मी शेठजींच्या अकोल्याच्या दुकानी जाई आणि गुमास्त्यांदेखत म्हणे, "पंधरा बाकी." शेठजी म्हणत, "बर्फी घे अन् जा." मी बर्फी घेत नसे.

मग अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापूस घसरला. विडा घेतलेल्या चौघांचे काय झाले ते सांगितले पाहिजे, नाहीतर लोक आपल्या सोयीने सांगतात. दोघांना शेठजींनी कमी केले. एक स्वतःच आडत घालून बसला आणि आज माझ्यापेक्षा चांगला खातो. एक परत मास्तरकीत गेला, पण त्याचे गाव तोवर दुसऱ्याला दिले होते. त्यांनी विडा घेतला यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. घटकाभर विचार करायला मिळाला असता तर त्यांनी काय केले असते, ते त्यांनाच ठाऊक. ती घटका मी त्यांना मिळवून देऊ शकलो नाही. खुर्चीमागून मी चार विडे उशिरा पुढे आलो. याचे मला वाईट वाटते आणि ते मी झाकत नाही.

उकंडाची शाळा चावडीत भरते. वेचणीच्या दिवसांत पोरे शेतात जातात आणि पाटीवर बसायला दोघे-तिघेच उरतात. तो तेवढ्यांना शिकवतो. गावातले कागद तो फुकट वाचतो आणि फुकट लिहितो, त्यामुळे त्या गावचे एकही गिऱ्हाईक आता माझ्याकडे येत नाही. मी त्याला एकदा म्हटले, "तूनं माहा धंदा बुडवला." तो म्हणाला, "वांगे तं येतात ना वख्तावर?" येतात.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला नेहमीप्रमाणे दुकानी गेलो. शेठजी आता पूर्वीपेक्षा लहान गादीवर बसतात, पण आवाज तोच आहे. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी नोकराला हाक मारली.

"मुनशी," ते म्हणाले, "माह्या अडत्यायनं मले बुडवलं, दलालायनं बुडवलं. ज्यायनं माह्या गोष्टी बाहेर नेल्या त्यायनं सगळ्यायनं बुडवलं. तूनं नाई नेल्ली. हे मले आता समजून राह्यलं. अमरावतीले चाल. पेढीचा सगळा कागद तुह्या हाती. चाळीस रुपये महिना."

नोकराने तबक पुढे धरले. त्यात पंधरा रुपये ठेवले होते आणि त्यांच्या शेजारी एक विडा.

गुमास्ते पाहत होते. मी बसलो, एकेक रुपया वाजवून पाहिला, पंधराही खरे होते. ते धोतराच्या सोग्याला बांधले.

"अन् विडा?" शेठजींनी विचारले.

"शेठजी, मले अजून पुष्कळ बोलाचं हाय," मी म्हणालो.

एकूण पोहोचले रुपये पंचवीस. देणार बळीरामशेठ, घेणार मी. बाकी काही नाही. विडा तबकात.